गॅस जातो कुठे?

होळी झाली की आमच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग वाढू लागते. बहुतेकांची तक्रार एकच असते आणि तिच्यावरचा उपायही ते घरूनच ठरवून आलेले असतात. "मिस्त्री, एसी गार करत नाही. तेवढा गॅस भरून द्या." डॉक्टरांकडे जाऊन "तेवढं सलाईन लावा" म्हणण्यातलाच हा प्रकार. आजार कोणता हे अजून कोणी पाहिलेले नसते, औषध मात्र ठरलेले असते.

हे काम मी साताऱ्यात शिकलो आणि पुढे सांगलीत करू लागलो. गाडीच्या एसीची परीक्षा पाहणारे सगळे काही या दोन जिल्ह्यांत आहे. जत-आटपाडीचे आणि माण-खटावचे ऊन आहे, धुरळा आहे. महाबळेश्वरचा पाऊस आणि धुके आहे. खंबाटकीचा आणि पसरणीचा चढ आहे. शिवाय सांगलीचा महापूर आहे. या सगळ्यातून जे शिकलो त्यातल्या चार गोष्टी आज सांगायच्या आहेत. सुरुवात मात्र माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. कवठेमहांकाळ भागातले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे येत. त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली होती. पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागे. परतीच्या प्रवासात त्यांना ऊन अजिबात सोसत नसे, म्हणून एसी चालू असणे गुरुजींच्या दृष्टीने फार महत्त्वाचे होते. पहिल्या वर्षी चैत्रात ते आले. मी गेज लावला, गॅस कमी दिसला, भरून दिला. गाडी गार झाली. दुसऱ्या चैत्रात पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी पैसे देताना ते शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, एक विचारू का? दरवर्षी आपण भरतो तो गॅस जातो कुठं?"

मी हसून म्हणालो, "वापरून संपतो, गुरुजी. पेट्रोलसारखंच."

हे उत्तर साफ चुकीचे होते. आज मी जे काही सांगणार आहे ते त्या एका प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजायला हरकत नाही.

थंडी तयार होत नाही, उष्णता हलते

एसी गारवा तयार करतो, असे आपण म्हणतो. खरे पाहता तो गाडीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हे तत्त्व आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. माठातले पाणी बाहेरच्या अंगाने झिरपून वाळते आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. इंजेक्शन देण्यापूर्वी दंडावर स्पिरिट लावले की थंड वाटते, तेही याचमुळे. द्रवाची वाफ होताना त्याला उष्णता लागते आणि ती तो शेजारच्या वस्तूकडून घेतो. तासगावच्या बेदाण्याची कोल्ड स्टोरेज याच तत्त्वावर चालतात. तिथे बहुधा अमोनिया असतो, आपल्या गाडीत दुसरा वायू असतो, एवढाच फरक.

गाडीतला हा वायू उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. त्याला उकळण्यासाठी गाडीतली गरम हवासुद्धा पुरेशी असते. त्याचा प्रवास चार टप्प्यांचा आहे. इंजिनवरच्या पट्ट्याने फिरणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, त्यामुळे तो तापतो. हा तापलेला वायू गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन तो द्रव होतो. ड्रायरमध्ये त्याच्यातला ओलावा शोषला जातो. पुढे एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो एकदम कमी दाबाच्या जागेत सुटतो, आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळू लागतो. उकळताना कॉइल थंड होते. ब्लोअर तिच्यावरून हवा फेकतो, तीच आपल्या तोंडावर येते. वाफ झालेला वायू पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो. हे चक्र मिनिटामागून मिनिट चालू राहते.

आता लक्षात घ्या, या चक्रात वायू कुठेही जळत नाही, खर्च होत नाही. नळ्या, कॉइल, जोड हे सगळे बंदिस्त असते. शरीरातले रक्त जसे फिरते तसा हा वायू फिरतो. रक्त कमी झाले तर डॉक्टर आधी विचारतात, रक्तस्राव कुठे होतोय? गॅस कमी झाला तर तोच प्रश्न आपणही विचारायला हवा. गॅस कमी होतो याचा अर्थ तो कुठून तरी गळतो.

एक सवलत मात्र द्यायला हवी. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून दरवर्षी काही ग्रॅम गॅस निसटतोच. छोट्या गाडीत एकूण गॅस चारशे ग्रॅमच्या आसपास असतो. त्यामुळे पाच-सात वर्षांनी एखादे वेळी गारवा थोडा उतरला तर त्यात नवल नाही. पण दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागत असेल, तर ती गळतीच आहे.

घरीच पाहण्यासारख्या गोष्टी

एसी गार करत नाही म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांत गॅस पुरेसा असतो. दोष दुसरीकडेच असतो, आणि त्यातले बरेच दोष मालकाला स्वतःला ओळखता येतात. त्यासाठी हत्यार लागत नाही, थोडे लक्ष लागते.

पहिली गोष्ट म्हणजे हवेचा जोर. ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवूनही हवा मंद येत असेल, पण आहे ती हवा गार असेल, तर केबिनचा फिल्टर तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. तो बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या खणामागे असतो. ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाची राख, कच्च्या रस्त्यांचा धुरळा, झाडाखाली गाडी लावल्यावर पडणारा पाला हे सगळे तिथे साठते. अशा गाडीत गॅस कितीही भरा, उपयोग शून्य.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून एसीचे बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत पुढून 'टक' असा आवाज येतो आणि इंजिन किंचित दबते. कॉम्प्रेसरचा मॅग्नेटिक क्लच लागल्याची ती खूण. आवाजच आला नाही तर फ्यूज, रिले, वायर किंवा क्लच तपासायला हवा. गॅस फारच कमी असेल तरीही प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालू होऊ देत नाही, कारण कोरडा चालला तर तो जळेल. काही नव्या गाड्यांत असा क्लचच नसतो, तिथे या आवाजाची वाट पाहू नका.

तिसरी खूण आपल्या महामार्गावर छान दिसते. गाडी पळत असताना एसी मस्त गार करतो, पण आनेवाडीच्या किंवा तासवड्याच्या टोलनाक्यावर रांगेत उभे राहिले की गरम हवा येते. पुढे निघालो की पुन्हा गार. अशा वेळी संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्यावा. पळत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. पंखा बंद असेल किंवा कंडेन्सरच्या पात्यांत चिखल आणि किडे अडकून बसले असतील, तर उष्णता बाहेर जायला वाटच राहत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या कंडेन्सरमध्ये गाळ वाळून घट्ट बसतो आणि पंख्याच्या वायरींचे जोड गंजतात. वरून धुतलेल्या गाडीतही हा गाळ आत राहून जातो. जुनी गाडी घेताना हे जरूर पाहावे.

चौथी खूण उलटी आहे. सुरुवातीला गार, अर्ध्या तासाने हवा कमी होत जाते आणि शेवटी जवळजवळ बंद. थोडा वेळ एसी बंद ठेवला की पुन्हा ठीक. कूलिंग कॉइलवर बर्फ साचल्याचे हे लक्षण आहे. कॉइलजवळचा तापमान ओळखणारा सेन्सर किंवा थर्मोस्टॅट बिघडला की असे होते.

पाचवी गोष्ट म्हणजे पाणी. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकते ते चांगले लक्षण आहे. हवेतला ओलावा कॉइलवर जमून बाहेर पडतो. बाहेर थेंब नाही आणि पुढच्या बाजूच्या पायपुसण्याखाली ओल आहे, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. एसी लावताच कुबट वास येत असेल तर ओल्या कॉइलवर बुरशी धरली आहे. मुक्कामाला पोहोचण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला तर कॉइल वाळते आणि हा त्रास कमी होतो.

आणखी एक गैरसमज. खंबाटकीच्या चढाला एसी मधेच बंद पडला म्हणून काळजी करणारे लोक भेटतात. चढावर ॲक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिनला पूर्ण ताकद मिळावी म्हणून अनेक गाड्या कॉम्प्रेसर काही क्षण आपणहून सोडून देतात. इंजिन फार तापले तरीही तसेच करतात. पहिला प्रकार नेहमीचा आहे. दुसऱ्या प्रकारात मात्र एसीआधी रेडिएटर दाखवावा.

काटे काय सांगतात

एवढे पाहून झाले आणि तरीही गाडी गार करत नसेल, तर गॅरेजला जावे. तिथे दोन काट्यांचा गेज लावतात. निळा काटा कमी दाबाच्या बाजूचा, लाल जास्त दाबाच्या बाजूचा. आपल्या उन्हाळ्यात, इंजिन थोडे चढते ठेवून, निळा काटा साधारण ३० ते ४५ पौंड आणि लाल काटा २०० ते २५० पौंडांच्या दरम्यान असेल तर चक्र बरे चालले आहे असे समजतात. गाडीप्रमाणे आणि त्या दिवसाच्या हवेप्रमाणे यात फरक पडतो.

दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त झाला आहे, किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाही, किंवा आत हवा शिरली आहे. निळा वर आणि लाल खाली, म्हणजे दोघे एकमेकांकडे सरकलेले असतील, तर कॉम्प्रेसर दाबायचे काम करत नाही. निळा शून्याच्याही खाली जाऊ लागला तर वाटेत कुठे तरी अडथळा आहे. बऱ्याचदा एक्सपान्शन व्हॉल्व्हपाशी कचरा किंवा आतल्या ओलाव्याचा बर्फ असतो. यातल्या फक्त पहिल्या प्रकारात गॅस कमी आहे. बाकीच्या तिन्ही प्रकारांत वरून गॅस भरणे म्हणजे दुखणे वाढवणे.

इथे एक फसवी गोष्ट सांगतो, कारण मी स्वतः तिला फसत होतो. इंजिन बंद असताना गेज लावला तर ३५ अंशांच्या दुपारी दोन्ही काटे साधारण ११५ पौंड दाखवतात. ते पाहून "गॅस भरपूर आहे" असे सांगितले जाते. पण बंद भांड्यात थोडा तरी द्रव शिल्लक असेल, तर वाफेचा दाब तापमानावर ठरतो, द्रव किती आहे यावर नाही. घरचा सिलिंडर अर्धा असो की भरलेला, शेगडीची ज्योत सारखीच असते, तसेच हे. म्हणून आत किती गॅस आहे हे काट्यावरून नक्की कळत नाही. तो सगळा काढून वजन केले तरच कळते. गाडीत किती ग्रॅम गॅस हवा हे बॉनेटखालच्या एका पट्टीवर बहुधा लिहिलेले असते. ते वाचावे आणि मिस्त्रीला वाचायला लावावे.

दुरुस्तीचा क्रम

गॅस कमी निघाला, तर पुढचे काम गळती शोधण्याचे. गॅसबरोबर चक्रात तेलही फिरत असते. जिथून गॅस निसटतो तिथे थोडे तेल पाझरते आणि त्यावर धूळ बसून काळपट, ओलसर डाग तयार होतो. चांगला मिस्त्री आधी डोळ्यांनी हे डाग शोधतो. मग चक्रात नायट्रोजन भरून जोडांना साबणाचा फेस लावतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून जे पाहतो, तेच इथे बुडबुड्यांत पाहायचे. गळती फार बारीक असेल तर तेलात रंग मिसळून काही दिवसांनी जांभळ्या दिव्याखाली पाहतात, किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्राने हुंगतात. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असल्याने तिची गळती सर्वांत शेवटी सापडते आणि सर्वांत जास्त मजुरी घेते.

गळती सापडली की तो भाग किंवा जोडातली ओ-रिंग बदलायची. चक्र बराच काळ उघडे राहिले असेल तर ड्रायर नवा घालायचा. जेवढे तेल गेले तेवढे, त्याच प्रकारचे तेल घालायचे. मग येते व्हॅक्यूम. पंप लावून आतली हवा आणि ओलावा खेचून काढायचा. अर्धा-पाऊण तास तरी पंप चालला पाहिजे, कारण ओलावा वाफ होऊनच बाहेर येतो आणि त्याला वेळ लागतो. पाच मिनिटांत पंप काढणाऱ्याने हवा काढलेली असते, पाणी काढलेले नसते. आत राहिलेले पाणी तेलाशी मिसळून आम्ल तयार करते आणि आतून धातू खाते.

याबाबत आपल्या भागापुरती एक गंमत आहे. पुस्तकात लिहिलेले असते की व्हॅक्यूमचा काटा ३० इंचांजवळ आला पाहिजे. हे समुद्रकाठच्या गावाला लागू. उंचीवर हवेचाच दाब कमी, म्हणून साधारण दर तीनशे मीटरला काटा एक इंच अलीकडे थांबतो. सांगलीत तो २८ च्या आसपास, साताऱ्यात २७ च्या थोडा पुढे, तर महाबळेश्वरला २५ ते २६ वर थांबणार. साताऱ्यात शिकत असताना मी पंप खराब आहे म्हणून दोनदा खोलला होता! काटा जिथे थांबेल तिथे पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटे पाहायचे. जागचा हलला नाही तर चक्र बंदिस्त आहे. हळूहळू परतू लागला तर अजून कुठे तरी छिद्र आहे, किंवा आत ओल आहे. तेवढे पाहून झाल्यावरच वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून, मोजून गॅस भरायचा.

या सगळ्याला अर्धा दिवस जातो. नुसता गॅस भरायला वीस मिनिटे पुरतात. गिऱ्हाईक घाईत असते, मिस्त्रीलाही पुढची गाडी घ्यायची असते. गळती न शोधता गॅस भरला जातो तो एवढ्यासाठीच. यात दोघांचाही थोडा थोडा वाटा आहे.

गॅस जातो तो आकाशात

गुरुजींच्या प्रश्नाला आणखी एक उत्तर आहे. गळलेला गॅस गाडीतून जातो, पण नाहीसा होत नाही. तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर राहतो.

पूर्वी गाड्यांत आर-१२ नावाचा वायू असे. तो विषारी नव्हता, पेट घेत नव्हता, त्यामुळे कित्येक दशके तो निर्धोक मानला गेला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की असे वायू वर जाऊन ओझोनचा थर नष्ट करतात. सूर्याच्या घातक किरणांपासून आपल्याला वाचवणारा तो थर. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला, आणि गाड्यांतून आर-१२ हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४-ए ओझोनला धक्का लावत नाही. आज आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत तोच आहे. मात्र वातावरण तापवण्याच्या बाबतीत तो वजनी हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते चौदाशे पट प्रभावी आहे. एका छोट्या गाडीतला चारशे ग्रॅम गॅस हवेत सोडणे हे सव्वादोनशे ते अडीचशे लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे.

म्हणूनच २०१६ मध्ये किगाली येथे अशा वायूंचा वापर कमी करण्याचे जगाने ठरवले. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडची कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे. परदेशांत अनेक नव्या गाड्यांत आर-१२३४-वायएफ हा सौम्य वायू आला आहे. तो महाग आहे आणि थोडा ज्वालाग्राही आहे, त्यामुळे एकाच्या गाडीत दुसरा भरून चालत नाही.

स्वस्तातल्या गॅसबद्दलही सावध राहावे. नकली सिलिंडरमध्ये भलतेच वायू मिसळलेले सापडले आहेत. त्यातला मिथिल क्लोराइड हा ॲल्युमिनियमशी क्रिया करून स्फोटक पदार्थ तयार करतो. २०११ मध्ये अशा गॅसमुळे जहाजांवरच्या शीत कंटेनरचे स्फोट होऊन कामगार दगावले होते. काही ठिकाणी स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा वायूही भरतात. बंद गाडीत तो गळला तर एक ठिणगी पुरे.

थोडी सावधगिरी

सिलिंडर विकत आणून घरी गॅस भरण्याचा प्रयोग करू नये. द्रवरूप गॅस बोटावर किंवा डोळ्यात गेला तर क्षणात गोठवून जखम करतो. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर बहुधा जीवघेण्या व्होल्टेजवर चालतो आणि त्याचे तेलही वेगळे असते. तिथे हात लावायचा तो शिकलेल्या माणसानेच. इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपू नये. धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर वास येत नाही आणि जागही येत नाही.

बाकी काळजी सोपी आहे. उन्हात उभी असलेली गाडी आधी काचा उघडून मिनिटभर चालवा, तापलेली हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. आत गारवा आल्यावर आतलीच हवा फिरवणारे बटण दाबा. थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवा. त्यामुळे तेल फिरते आणि सील कोरडे पडत नाहीत. पावसाळ्यात पसरणी घाटात काचेवर आतून वाफ धरली की एसी लावा. तो हवा कोरडी करतो आणि समोरचा रस्ता दिसू लागतो.

एसी आता कुणाची चैन राहिलेली नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकच्या केबिनला तो सरकारने सक्तीचा केला, कारण चालकाच्या दमलेल्या डोळ्यांवर रस्त्यावरच्या सगळ्यांचा जीव अवलंबून असतो. हे ट्रकही उद्या आमच्यासारख्यांच्याच दारात येणार आहेत.

आता गुरुजींची गोष्ट पुरी करतो. चौथ्या उन्हाळ्यात, मिरजेहून परतताना, दंडोबाचा डोंगर जवळ आला असता त्यांचा कॉम्प्रेसर जाम झाला. तीन वर्षे मी गॅस भरत होतो, पण त्याच्याबरोबर गळून गेलेले तेल कधी भरले नव्हते. पट्टा घासून जळाला, तुटला आणि गाडी जागेवर थांबली. डायलिसिस करून थकलेल्या बाई भर दुपारी दीड तास चिंचेच्या झाडाखाली बसून होत्या. निरोप मिळाल्यावर मी दुसरी गाडी घेऊन गेलो. गुरुजी मला एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गाडी खोलली. कंडेन्सरजवळच्या जोडावर तेलकट, काळा डाग होता. तीन वर्षे तो तिथेच असणार. आतली ओ-रिंग चिरली होती. तिची किंमत वीस रुपयांच्या आत होती. कॉम्प्रेसर मी माझ्या खर्चाने घातला, पण तो दीड तास मला भरून देता आला नाही.

त्या दिवसापासून गळती सापडल्याशिवाय मी गॅस भरत नाही. गिऱ्हाईक घाई करू लागले तर त्याला ही गोष्ट सांगतो. तुम्हीही यंदा गॅरेजला जाल तेव्हा "तेवढा गॅस भरून द्या" म्हणू नका. गुरुजींनी मला विचारले तेच विचारा. गॅस जातो कुठे? मिस्त्रीने हसून विषय टाळला तर गाडी दुसरीकडे न्या. तो खाली वाकून जोड तपासू लागला, तर थोडा वेळ थांबा आणि त्याला त्याचे काम करू द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)